मेणाच्या दोऱ्याची बांधणी

५ मार्च

चि. धाकट्यास,
ताईचे अनेक आशीर्वाद. कान उपटायला इथून हात पोचत नाही, म्हणून नुसते आशीर्वादच.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी उत्तर दिलं नाही. त्याबद्दल तू रागावून झालास असं समजून पुढचं लिहिते. परवाच्या रविवारी माझं विमान दंतवैद्यांच्या डोक्यावरून गेलं.

नीट सांगते, नाहीतर तू भावजयीला काहीतरी भलतंच सांगशील. सकाळी मॉडेल-विमानांच्या क्लबच्या मैदानावर आम्ही नऊ जण होतो. वारा नाही, ऊन पाठीशी. मी पिवळीला उतरवत होते. ह्यांनी बांधलेलं ते शेवटचं विमान, ह्यांच्यामागे सात वर्षं मीच उडवते, तुला ठाऊक आहे. ती खांद्याइतकी खाली आली आणि तिने एकदम उजवीकडे मान टाकली. मी ट्रान्समीटरची दांडी तिकडे वळवलीच नव्हती. धावपट्टी सोडून ती सरळ शेडकडे निघाली. आमच्या क्लबातले दंतवैद्य थर्मासमधून चहा ओतत होते. ते झटकन खाली बसले म्हणून वाचले. पंखाने एक घडीची खुर्ची उडवली आणि पिवळी कुंपणाच्या जाळीत अडकून थांबली. कोणाला ओरखडाही नाही. पण दंतवैद्य खाली बसले त्या जागी एखादं लहान मूल असतं तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

दंतवैद्य सांडलेला चहा पुसत राहिले. बोलले ते आमचे चिटणीस. गृहस्थ फार सभ्य आहेत. ते खुर्ची जवळ ओढून हळू आवाजात बोलायला लागले की समजायचं, आपलं काही खरं नाही. म्हणाले की ताई, तुमचा अनुभव मोठा आहे, पण वयाप्रमाणे हात थोडा कापतोच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मग समितीने ठरवलं ते असं. या महिन्यात मी एकटीने उडवायचं नाही. माझ्या ट्रान्समीटरला वायर लावून दुसऱ्याच्या हातात जोड-डबा द्यायचा, म्हणजे मी चुकले की तो विमान ताब्यात घेईल. एकतीस तारखेला माझी परीक्षा. तीन फेऱ्या, एक आठचा आकडा, आणि आखलेल्या पट्टीत उतरवणं. जमलं तर ठीक, नाहीतर मी सन्माननीय सभासद. म्हणजे शेडमधली खुर्ची आणि दर रविवारी दुसऱ्यांची विमानं बघणं. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी मला हा मान नको आहे.

माझा हात कापत नाही, धाकट्या. रेडिओत काहीतरी येतंय. दुसऱ्या कोणाचा ट्रान्समीटर त्याच चॅनेलवर चालू होता का, हे तू विचारशीलच. नव्हता. आमच्याकडे फळ्यावर प्रत्येक चॅनेलचा एकच कपड्याचा चिमटा असतो, नंबर रंगवलेला. तो चिमटा ज्याच्या एरियलवर, त्यानेच ट्रान्समीटर चालू करायचा. माझा चिमटा माझ्या एरियलवर होता. तार सैल असेल असंही सांगू नकोस. पिवळीच्या पोटातल्या सगळ्या तारा मी या हिवाळ्यात नव्याने बांधल्यात, आमच्या टेलिफोनच्या कारखान्यातल्यासारख्या. झाकण काढून बघितलंस तर तुझा जीव निवेल.

तू दिवसभर बोटींवरचे वायरलेस सेट उघडून बसतोस. तेव्हा मला सांग, हवेतल्या विमानाला खालचं ऐकू येईनासं कशाकशाने होतं. एकतीस तारीख लक्षात ठेव.

भावजयीला विचारल्याचं सांग. माया आहे तेवढी असू दे, पत्र मात्र लवकर लिही.

तुझी,
ताई


१० मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार इथूनच घालतोय, जपून उभी राहा. तुझ्यासमोर हल्ली माणसं खाली बसतात असं कळलं.

ही चेष्टा मी केली, पण पत्र वाचताना हातातला सेट तसाच बाजूला ठेवला होता. तुझ्या भावजयीने पत्र दोनदा वाचलं. तिचं म्हणणं, दंतवैद्यांना आधी एक चांगला थर्मास नेऊन दे.

आता कामाचं. पिवळीचं इंजिन ठिणगीचं नाही, तापलेल्या प्लगचं आहे. तेव्हा ठिणगीची खरखर हा बोटींवरचा माझा रोजचा शत्रू तुझ्याकडे नाही. विमान विजेच्या मोटरवर चालत नाही, तेव्हा मोटरच्या ब्रशची खरखरही नाही. बॅटरी तू दरवेळी मोजतेस, तेव्हा तेही सोडून देऊ. उरतं काय? एक म्हणजे धातूवर धातू. सुकाणूला जाणारी लोखंडी सळई लोखंडी कडीत खुळखुळत असेल, तर इंजिनच्या थरथरीने तिथे सतत बारीक खरखर तयार होते आणि रिसीव्हर तीच ऐकत बसतो. सगळ्या कड्या बघ आणि एका टोकाला नायलॉनची कडी घाल. एका बोटीवर मी चार दिवस सेट खोलून-जोडून बघितला आणि शेवटी बिघाड निघाला डोलकाठीवर सैल लटकणाऱ्या एका साखळीत. बोटीचा तांडेल तेव्हापासून मला साखळीवाले म्हणतो.

दुसरं, अंतराची चाचणी. ट्रान्समीटरची एरियल पूर्ण मिटव. विमान स्टुलावर ठेव. ट्रान्समीटर घेऊन पावलं मोजत मागे जा आणि सुकाणू किती पावलांपर्यंत नीट ऐकतं ते बघ. आधी इंजिन बंद ठेवून, मग चालू ठेवून. तीस पावलं मिळाली तर मी काळजी करणार नाही. इंजिन चालू केल्यावर आकडा धाडकन खाली आला, तर बिघाड विमानातच आहे.

तिसरी चाचणी सर्वांत सोपी. ज्या अंतरावर सुकाणू बिचकायला लागेल तिथे ट्रान्समीटर दुसऱ्या स्टुलावर ठेव आणि लांब हो. कोणीही हात लावायचा नाही. विमानापाशी कोणालातरी बघत उभं कर. तरीही सुकाणू हललं, तर ते तुझ्या हाताने हललेलं नाही, हे चिटणीसांना सांगायला दुसरं काही लागणार नाही.

आणि एक विचारतो, रागावू नकोस. सुईत दोरा ओवताना हल्ली त्रास होतो का? उगीच विचारलं.

इथे सगळं ठीक. बोटी किनाऱ्याला लागायचे दिवस आहेत, त्यामुळे वर्कशॉपमध्ये पाय ठेवायला जागा नाही. लोभ तुझ्याकडून पहिल्यापासून जास्तच मिळतोय, तो कमी करायचा विचार नसावा.

तुझा,
धाकटा


१५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. पैकी निम्मे सुईच्या प्रश्नाबद्दल परत घेतले आहेत.

सुईत दोरा मी चष्मा लावून ओवते, तूही तसाच ओवशील. पुढे.

कड्या बदलल्या. दोन ठिकाणी लोखंडावर लोखंड होतं, हे कबूल करते. नायलॉन घातलं. मग बुधवारी दुपारी मैदानावर गेले. बरोबर शेजारची शिंपीणबाई आली. तिला दुपारी दुकान बंद ठेवायला निमित्त हवंच असतं. मैदानात आम्हा दोघींशिवाय चिटपाखरू नाही, तरी मी फळ्यावरून माझा चिमटा काढला आणि एरियलला लावला, तेव्हा ती हसली. म्हणाली, परवानगी कोणाकडून घेतेस? मी म्हटलं, नियम तो नियम.

आकडे लिहून घे. इंजिन बंद, बावीस पावलं. इंजिन चालू, तेरा. त्यापुढे सुकाणू अंगात आल्यासारखं करायला लागतं. कड्या बदलूनही तेरा.

मग तुझी सोपी चाचणी. वीस पावलांवर स्टूल ठेवलं, त्यावर ट्रान्समीटर. मी हात मागे बांधून बाजूला झाले. शिंपीणबाईला सांगितलं होतं की शेपटीकडे बघायचं आणि हललं तर हात वर करायचा. इंजिन चालू होतं. मिनिटभरात तिने हात वर केला. मग पुन्हा. मग तिने खाली घेतलाच नाही, वर धरून उभी राहिली, कारण सुकाणू थांबेचना. धाकट्या, मी मैदानात एकटी हसत होते. दहा दिवस मी दर सकाळी उठून आधी हाताकडे बघत होते, हे तुला लिहिलं नव्हतं. आता लिहिते. तो हात नव्हता.

चिटणीसांना रविवारी हेच दाखवणार. पण नुसतं दाखवून भागायचं नाही. बिघाड काढून परीक्षेला उभं राहायचंय. म्हणून तुला आतलं सगळं सांगते. रिसीव्हर पंखाखाली, स्पंजात गुंडाळलेला. मागे दोन सर्व्हो, एक सुकाणूचा, एक शेपटीच्या फळीचा. पुढे इंजिनचा तिसरा. या तिन्ही छोट्या मोटरींच्या तारा, बॅटरीची तार, स्विचची तार आणि रिसीव्हरची एरियल, अशा सगळ्या एकत्र घेऊन मी एकच जुडी केली आहे. पोटाच्या उजव्या बाजूने शेपटीपर्यंत गेली आहे. मेणाचा दोरा, दर बोटभर अंतरावर गाठ, एकही गाठ तिरकी नाही. एरियल लांब होती, ती जुडीतच दोनदा दुमडून घेतली, बाहेर लोंबकळत ठेवली नाही. कारखान्यात आमच्या इन्स्पेक्टरने बघितली असती तर नव्या मुलींना दाखवायला ठेवून घेतली असती.

तेव्हा तारांमध्ये काही नाही. रिसीव्हरच बिघडला असावा असं मला वाटतं. तू काय म्हणतोस ते कळव.

घरच्यांना विचार. इथली ख्यालीखुशाली म्हणजे पंख सरळ झाला आणि शिंपीणबाईचा खांदा दुखतोय.

तुझी,
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हे पत्र मी तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली, कारण त्यांत मी गोल गोल फिरत होतो.

रिसीव्हर चांगला आहे. बिघाड तुझ्या बांधणीत आहे.

आता पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच. कारखान्यात तुम्ही टेलिफोनच्या तारा बांधायचात. तिथे प्रत्येक तार काहीतरी घेऊन जायची, तेव्हा सगळ्या शेजारी शेजारी एका जुडीत बांधल्या तर चालतं, उलट तेच बरोबर. एरियल ही तशी तार नाही. तिच्यातून काही न्यायचं नसतं, तिने फक्त ऐकायचं असतं. तू तिला सर्व्होच्या तारांच्या मधोमध बांधून टाकलंस. सर्व्हो हलतात, त्यांच्या तारांत खळबळ होते आणि ती एरियलच्या थेट कानात जाते. वर ती दुमडल्यामुळे तिची लांबी वाया गेली. गप्पांच्या अड्ड्यात बसवून एखाद्याला लांबून कोणी हळूच मारलेली हाक ऐकायला सांगावं, तसं झालं. विमान दूर गेलं, किंवा उतरताना तू सगळे सर्व्हो एकदम हलवू लागलीस, की तिला तुझी हाक ऐकू येत नाही. दंतवैद्यांच्या वेळी नेमकं हेच झालं. मागच्या वर्षापर्यंत भावोजींच्या हाताची गबाळी बांधणी होती, एरियल बाहेर लोंबत होती, म्हणून पिवळी बिनतक्रार उडत होती.

काय करायचं ते लिहितो. जुडी काप. एरियल एकटी बाहेर काढ, रिसीव्हरपासून सर्वांत जवळच्या बाजूने छोटं भोक पाडून. भोकात रबराचा तुकडा घाल, म्हणजे तार घासणार नाही. मग सरळ शेपटीच्या उभ्या पंखाच्या टोकापर्यंत ने आणि तिथे रबरबँडने हलकी ताणून बांध. कापू नकोस, दुमडू नकोस, इंचभरही नाही. उरली तर मागे लोंबू दे. सर्व्होच्या तारा तुला हव्या तशा बांध, फक्त एरियलपासून लांब. गबाळं दिसेल. दिसू दे.

हे लिहायला तीन पत्रं का लागली ते सांगतो. मला पहिली गाठ मारायला तू शिकवलीस. मी अकरा वर्षांचा, तू नुकती कारखान्यात लागलेली, रोज संध्याकाळी मेणाचे हात घेऊन घरी यायचीस. स्वयंपाकघरात खुर्चीच्या पायाला दोरा बांधून तू मला गाठ दाखवलीस आणि तिरकी गेली की सोडायला लावलीस. आज माझं पोट ज्या कामावर चालतं ते तिथे सुरू झालं. आणि मी तुला सांगतोय की ती काप. मला बरं वाटत नाही. पण तू विचारलंस आणि एकतीस तारीख जवळ आली.

राग आला तर तो मनात न ठेवता पोस्टात टाक. लोभाचं नंतर बघू.

तुझा,
धाकटा


२४ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

राग आला. तुझं पत्र आलं त्या दिवशी मी पिवळीवर चादर टाकली आणि दोन दिवस काढली नाही. एकतीस वर्षं मी ती गाठ मारली. त्या जुड्यांमधून लोकांनी जन्माच्या आणि मरणाच्या बातम्या सांगितल्या, एकही तार कधी मुकी झाली नाही. आणि माझा स्वतःचा भाऊ मला सांगतो की गाठ बरोबर आहे, जागा चुकली. शिंपीणबाईला सगळं वाचून दाखवलं. तिने तुझी बाजू घेतली. म्हणाली, सुंदर टाचलेली शिलाईसुद्धा चुकीच्या जागी असली तर उसवावीच लागते, रोज उसवते मी. तिला त्या दिवशी चहा दिला नाही.

शुक्रवारी सकाळी झाकण काढलं. गाठी सोडवून बघितल्या, सुटेनात, इतक्या पक्क्या होत्या. शेवटी कात्री घेतली. एकोणसत्तर गाठी. एकेक कापताना मेणाचा वास येत होता. रडले नाही, पण मध्ये उठून हात धुवून आले.

मग तू सांगितलंस तसं सगळं केलं. भोक, रबर, शेपटीचं टोक. वीतभर तार मागे लोंबतेय आणि पिवळी शेपटीला दोरी बांधलेल्या पतंगासारखी दिसतेय. काल मैदानात आकडे घेतले. इंजिन बंद, एक्केचाळीस. इंजिन चालू, एकोणचाळीस. स्टुलावर ट्रान्समीटर ठेवून शिंपीणबाईला पाच मिनिटं उभं केलं. हात एकदाही वर गेला नाही. शेवटी तीच कंटाळून ओरडली की तुझं विमान झोपलंय.

मागच्या रविवारी बिघडलेल्या पिवळीवर हात न लावता सुकाणू हलतं, ते मी समितीला दाखवलं होतं. चिटणीसांनी स्वतः पावलं मोजून बघितली. आज दंतवैद्यांनी जोड-डबा धरला आणि मी उडवलं. त्यांना एकदाही विमान ताब्यात घ्यावं लागलं नाही. ते म्हणाले, इतकं शांत विमान त्यांनी या क्लबात बघितलं नाही. खरंच शांत होतं, धाकट्या. इतकं की मला सगळं अगदी स्पष्ट दिसत होतं.

अजून थोडं लिहायचं होतं, पण ते रविवारनंतर लिहीन.

तुझं बरोबर होतं. हे एकदाच लिहिते, पत्र जपून ठेव.

तुझी,
ताई


२७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र मी वर्कशॉपात सगळ्यांना वाचून दाखवलं. शेवटचं वाक्य दोनदा.

एकोणचाळीस म्हणजे नव्या सेटलाही लाजवणारा आकडा. माझा जीव भांड्यात पडला. तुझी भावजय म्हणते की आता चिटणीसांकडून तुझी माफी लेखी घे, तोंडी माफी हवेत जाते. मला वाटतं, तू परीक्षा दे आणि गप्प राहा, त्याने त्यांना जास्त झोंबेल.

रविवारसाठी एवढंच. बॅटरी आदल्या दिवशी पूर्ण भर. निघण्यापूर्वी एरियलचं टोक बघ. वारा असला तर आठचा आकडा मोठा काढ. मला यायचं होतं, पण सहा बोटी सोमवारी सुटतायत आणि त्यांतल्या दोन बोटींचे सेट अजून टेबलावर उघडे पडलेत.

रविवारनंतर काय लिहिणार आहेस? भावजय विचारतेय. मीही विचारतोय.

आम्हा दोघांचा लोभ या पाकिटात मावला नाही, उरलेला रविवारी मैदानावर आहे असं समज.

तुझा,
धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, आणि भावजयीलाही.

पास झाले. तीन फेऱ्या, आठचा आकडा, आखलेल्या पट्टीत उतरवलं, चाकं रेषेच्या आत. चिटणीस सर्वांसमोर उभे राहिले आणि म्हणाले की समितीने घाई केली, त्याबद्दल ते स्वतः माझी क्षमा मागतात. लेखी नाही, पण चौदा माणसांसमोर. दंतवैद्यांनी टाळ्या वाजवल्या. कागदावर सही झाली आणि तो मला दिला.

आता तेव्हा राहिलेलं. चोवीस तारखेला पिवळी सरळ जात होती तेव्हा मला दिसलं की तिचं नाक बारीक डुलतंय. वर-खाली, वर-खाली, अगदी सारखं. रेडिओचा धक्का असा नसतो, तो कधीही येतो आणि कसाही येतो. मी दांडीवरून अंगठा उचलला. डुलणं थांबलं. अंगठा ठेवला. सुरू झालं. चार वेळा करून बघितलं. मग मी खाली अंगठ्याकडे बघितलं आणि मला दिसलं.

कधीपासून असेल, मला सांगता यायचं नाही. आधी रेडिओचे झटके इतके होते की त्यात हे बुडून जात होतं. आपण दोघांनी मिळून ते सगळे काढले आणि मग हे एकटंच उरलं. दंतवैद्यांच्या डोक्यावरून विमान गेलं तो हात नव्हता, तार होती. पण चिटणीस माझ्या हाताबद्दल जे म्हणाले, तेही खोटं नव्हतं.

परीक्षेत मी अंगठा आणि तर्जनी अशी दोन बोटांनी दांडी धरली आणि कोपरं बरगड्यांना दाबून ठेवली, म्हणून जमलं. वाऱ्याचा एक झोत आला असता तर मी सांगू शकत नाही. सही झालेला कागद हातात घेऊन मी पाच मिनिटं उभी होते. मला तो घरी घेऊन जायचा होता. कोणाला कळलंही नसतं. मग ते लहान मूल पुन्हा डोक्यात आलं, जे त्या दिवशी तिथे नव्हतं. मी चिटणीसांकडे परत गेले आणि सांगितलं की इथून पुढे मी जोड-डब्याशिवाय उडवणार नाही, तसं कागदावर लिहा. त्यांना समजेना. म्हणाले, ताई, तुम्ही पास झालात, विमानात आता काही दोष नाही. मी म्हटलं, म्हणूनच.

घरी आल्यावर मात्र मी रडले. तुझ्यापासून कशाला लपवू. मला भीती वाटतेय. विमानाची नाही. अंगठा आज दांडीवर कापतोय, उद्या चमच्यावर कापेल, मग काय काय, हे सगळं डोक्यात येतं. बिघाड शोधायचा कसा हे मला येतं, पण हा शोधायला मला एकटीने जायचं नाही. अकरा तारखेला, गुरुवारी, मज्जातंतूंच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. तुझ्या बोटी सुटल्या असतील, तर ये. जमलं नाही तर शिंपीणबाई येईल, पण तू ये.

तुझी,
ताई


५ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी येतोय. बुधवारी दुपारच्या गाडीने पोचतो. बोटी कोणीतरी दुसरा बघेल. मी तसं सांगून टाकलं आहे.

मला एक कबूल करायचंय. आमच्या थोरल्या मुलीच्या लग्नात तू पाहुण्यांना चहाचे कप देत होतीस. तुझ्या बशीवर कप वाजत होता आणि तू दुसऱ्या हाताने तो धरलास, ते मी बघितलं. दोन वर्षं झाली. मी काही बोललो नाही. पहिल्या पत्रात सुईबद्दल विचारलं आणि तू रागावलीस, तेव्हा लगेच मागे फिरलो. मग स्टुलावरचं सुकाणू आपोआप हललं असं तू लिहिलंस, त्या दिवशी मला आनंद झाला. तुझ्यासाठी झाला हे खरं, पण त्याहून जास्त यासाठी की आता मला ते विचारावं लागणार नव्हतं. कड्या, पावलं, एरियल, सगळ्याबद्दल मी तुला पानंच्या पानं लिहिली. त्या एका गोष्टीबद्दल मला एक वाक्य धड लिहिता आलं नाही आणि शेवटी ते तुलाच शोधावं लागलं, एकटीला, मैदानाच्या मधोमध उभं राहून. त्याची मला लाज वाटते, ताई.

गुरुवारी आपण दोघं जाऊ. डॉक्टर जे सांगतील ते मला तुझ्या शेजारी बसून ऐकायचंय. ते मला पत्रातून कळायला नको.

तुझा,
धाकटा